बाटली खंगाळली काय?

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला भाडं सांगितलं नाही, नाव विचारलं नाही, लग्न झालंय का हेही विचारलं नाही. व्हरांड्यातल्या खुर्चीवरून न उठता त्यांनी एकच प्रश्न केला, "पाणी कोठचं पेतेस?"

मी आंबागडची. मोहाडीला येऊन मला आठच दिवस झाले होते. तालुक्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत गावोगावचे नमुने गोळा करून आणायची नोकरी लागली होती आणि तोवर एका मैत्रिणीकडे राहत होते.

"मैत्रिणीकडे नळ आहे," मी म्हटलं.

"नळ तं सगळ्याइकडं आहे. टाकीवरचा का डायरेक लाइनचा?"

मला माहीत नव्हतं. तसं सांगितलं तर ते मान हलवत हसले. "पाण्याच्या लॅबमंदी कामाले आहे, अन् सोता काय पिऊन राहिली ते मालूम नाई." मग आतल्या बाजूला तोंड करून ओरडले, "अवं, चाबी दे इले वरच्या खोलीची. इले राहूच दे आपल्याइकडं."

अशी मी त्यांची भाडेकरू झाले. त्यांना काकाजी म्हणायची, त्यांच्या बायकोला काकू. मोहाडीत मात्र त्यांना 'विमानवाले साहेब' म्हणत. नव्या माणसाला वाटायचं, हे पायलट असणार. काकाजी पायलट नव्हते. एका मोठ्या शहरातल्या विमानतळावर, आरोग्य विभागात, त्यांनी सगळी नोकरी काढली होती आणि त्यांचं काम होतं विमानात भरलं जाणारं पिण्याचं पाणी तपासायचं. विमानात पाण्याची टाकी असते, ती जमिनीवरच्या टँकरने भरतात, तिला नळ असतात, हेच मोहाडीत निम्म्या लोकांना पटत नसे. "वर पाणी कोठून येते वो साहेब?" असं आठवडी बाजारात कोणीतरी विचारायचंच. "खालूनच येते बापा," ते सांगायचे, "अन् खाली जे राहते तेच वर जाते." आयुष्यात ते हजारदा विमानात चढले असतील, पण दर वेळी विमान उभं असताना. उडणाऱ्या विमानात ते एकदाही बसले नव्हते. मुलगा बंगलोरला होता, तो तिकीट पाठवायला तयार होता, तरी दर दिवाळीला हे रेल्वेने जायचे. का, ते मला फार उशिरा कळलं.

त्यांच्या घरात राहणं सोपं नव्हतं हे आधीच सांगून टाकते. स्वयंपाकघरातल्या नळाच्या तोंडाला एक छोटं झाकण दोरीने बांधलेलं असे. पाणी घ्यायचं तर झाकण काढा, पाणी घ्या, झाकण लावा. काकूंना हे तीस वर्षांत अंगवळणी पडलं होतं, मी मात्र पहिल्या महिन्यात तीन झाकणं हरवली. प्लंबर आला की काकाजी स्वतः दोन पाने काढून द्यायचे. निळा रंग दिलेला पाना पिण्याच्या पाण्याच्या पाइपाला, लाल रंग दिलेला संडासच्या पाइपाला. एकदा त्या बिचाऱ्याने घाईत लाल पान्याने स्वयंपाकघरातला नळ घट्ट केला. काकाजींनी तो नळ खोलायला लावला, तुकडा न तुकडा उकळायला लावला आणि निळ्या पान्याने पुन्हा बसवून घेतला. जाताना प्लंबर मला जिन्यात भेटला आणि हळूच म्हणाला, "ताई, साहेबाले काई झालं हाये काय?" मी म्हटलं, "नाही, ते असेच आहेत."

रस्त्यात कुठे पाण्याचा पाइप जमिनीवर पडलेला दिसला की ते सायकलवरून उतरायचे. कोणाच्या अंगणातला असो, टँकरचा असो, लग्नाच्या मांडवातला असो. पाइपाचं तोंड उचलायचं, आपल्या रुमालाने पुसायचं, झाडाच्या फांदीला नाहीतर खिडकीच्या गजाला अडकवायचं आणि काही न बोलता निघून जायचं. विमानतळावर पाण्याच्या टँकरचं तोंड डांबरावर पडलेलं दिसलं की ते टँकरच परत पाठवत म्हणे. मोहाडीत परत पाठवायला टँकर नव्हता, म्हणून ते स्वतःच उचलत. बाजारातली पोरं त्यांना बघून मुद्दाम पाइप खाली टाकायची. तरी ते दर वेळी उतरायचे.

लग्नांत तर काकूंना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. काकाजींच्या शर्टाच्या खिशात एक इवलीशी औषधाची बाटली असायची. पाण्यात क्लोरीन आहे की नाही हे तिच्या दोन थेंबांनी कळतं. ग्लासात पाणी घेतलं की वेगळ्या छोट्या नळीत थोडं काढायचं, त्यात थेंब टाकायचे, पिवळं होतं का बघायचं. झालं तर ग्लासातलं प्यायचं. नाही झालं तर ग्लास तसाच खाली ठेवायचा. पंगतीत यजमानासमोर हे चालायचं. एकदा मोहाडीतल्याच एका तांदळाच्या व्यापाऱ्याने रागावून विचारलं, "काय साहेब, आमच्या घरचं पाणी चालत नाही काय?" काकाजींनी नळी खिशात ठेवली. मग शांतपणे म्हणाले, "घराचा प्रश्न नाई शेठजी. पाण्याचा आहे." घरी येईपर्यंत ते बोलले नाहीत. मला वाटलं, त्यांचा अपमान झाला. तसं नव्हतं, पण ते मला तेव्हा कळायला मार्ग नव्हता.

त्याच व्यापाऱ्याची मुलगी पुढे शिकायला परदेशी निघाली. काकाजी तिला निरोप द्यायला गेले आणि तिच्या हातावर पेढा ठेवून म्हणाले, "पोरी, विमानात चहा पिऊ नोको. कॉफी बी नोको. सीलबंद बाटलीचंच पाणी पे." पोरीने इतकं मनावर घेतलं की तिकडे पोहोचल्यावर पहिला फोन केला तो रडतच. बाटलीचं पाणी संपलं होतं आणि अर्ध्या रस्त्यात ती तहानलेली बसली होती. व्यापारी भांडायला आला. काकाजींनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "तहान लागली ना तिले? तहान दुसऱ्या दिवशी राहत नाई." मोहाडीतून जो कोणी विमानाने जाई त्याला हा उपदेश मिळायचाच. तसे जाणारे होते तरी किती म्हणा.

आणि माझ्यासाठी रोजचा एक प्रश्न होता. संध्याकाळी मी फिरतीवरून आले, बॅग जिन्याच्या पायरीवर ठेवली की खालून आवाज यायचा, "बाटली खंगाळली काय?"

खंगाळणं म्हणजे भांड्यात थोडं पाणी घालून, आतून फिरवून विसळणं. पाण्यात जंतू आहेत का हे बघायचं तर नमुना निर्जंतुक केलेल्या बाटलीत घेतात. त्या बाटलीच्या तळाशी चिमूटभर पांढरी पूड असते. पाण्यातलं क्लोरीन ती तिथल्या तिथे मारते. त्यामुळे नळातून पडताना पाण्यात जे जंतू असतील ते तसेच जिवंत प्रयोगशाळेपर्यंत येतात. बाटली विसळली तर पूड वाहून जाते, क्लोरीन बाटलीत काम करत राहतं, वाटेत जंतू मरतात आणि खराब पाणीही पास होतं. हे आम्हाला प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यामुळे रोज रोज तेच ऐकून माझं डोकं फिरायचं.

"काहून खंगाळू वो काकाजी?" एकदा मी चिडून म्हटलं. "मले काय येवढंबी समजत नाही?"

"समजते," ते म्हणाले. "पण हात समजत नाही ना पोरी. हाताले सवय राहते."

घराच्या गच्चीवरच्या टाकीची त्यांनी एक वही केली होती. टाकी कधी धुतली, नमुना कोणी घेतला, निकाल काय आला. दर महिन्याला आमच्या टाकीचा नमुना मीच प्रयोगशाळेत न्यायची. त्या वहीत त्यांनी पट्टीने एक जादा रकाना आखला होता, 'बाटली खंगाळली काय?' खाली प्रत्येक ओळीत त्यांच्या ठळक अक्षरात 'नाही', 'नाही', 'नाही'. मी त्याची टिंगल करायची. आज ती वही माझ्याकडे आहे.

त्या वर्षी उन्हाळ्यात मोबाइलवर मला एक मसुदा दिसला. विमानात प्रवाशांना जे पिण्याचं पाणी देतात त्याच्यासाठी नवे नियम होणार होते. महिनाभरात कोणीही हरकती आणि सूचना पाठवाव्यात, असं त्यात लिहिलं होतं. मला वाटलं, म्हाताऱ्याची जरा करमणूक होईल, म्हणून खाली जाऊन दाखवला. काकाजींनी चष्मा लावला, माझ्या हातातून मोबाइल घेतला आणि तहसील कार्यालयासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात चालत गेले. सगळी पानं छापून आणली. दुकानदाराने विचारलं म्हणे, "साहेब, कायचा दावा लावून राहिले?"

पुढचे आठ दिवस व्हरांडा म्हणजे कार्यालय झालं. लाल पेन, पट्टी, मसुदा. मधूनच मोठ्याने शेरे. "हे बरं केलं. संडासची गाडी अन् पाण्याची गाडी बाजूबाजूले उभी करू नये." "टाकी किती दिवसानं धुवावं, हे लिहिलं. शाब्बास." "पाना वेगळा पायजे, हे राहिलं." काकू मला म्हणाल्या, "रिटायर झाल्यापासून एवढं खूश नव्हतं पाह्यलं याइले."

मग ते नमुना घेण्याच्या कलमापाशी आले आणि व्हरांडा शांत झाला.

संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. कलमात लिहिलं होतं, नमुना निर्जंतुक बाटलीत घ्यावा. बस. त्याखाली त्यांनी लाल पेनने एक वाक्य लिहिलं होतं: 'नमुना घेण्याआधी बाटली विसळू नये.'

"एवढीच एक लाइन," ते म्हणाले. "बाकीचं त्याईनं चांगलं केलं. ही एक लाइन आली पायजे."

सूचना पाठवायचा तक्ता होता. नाव, पत्ता, कलम, सुचवलेला बदल आणि शेवटी कारण. मी लॅपटॉप घेऊन बसले आणि कारणाच्या जागी पूड, क्लोरीन, जंतू असं सगळं नीट टाइप केलं. वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली.

"हे पुस्तकातलं झालं. पुस्तकातलं त्याईले मालूमच आहे. मालूम असून बी लिहिलं नाई. काहून? कारण त्याईले वाटते, असं कोण करन?"

"मग काय लिहायचं?"

"ठेव तसंच. सांगतो."

दहा दिवस झाले, पंधरा झाले, तक्ता तसाच. मी रोज विचारायची, ते रोज 'सांगतो' म्हणायचे. इतकंच नव्हे, मला बाटलीचंही विचारेनासे झाले. मुदत संपायला चार दिवस उरले तेव्हा मीच चढ्या आवाजात म्हटलं, "काकाजी, पाठवायचं नसेल तर तसं सांगा, मी कशाला जीव काढू?"

रविवार होता. काकू सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. काकाजी दिवाणावर बसले होते. त्यांच्या मागच्या भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीशेजारी एक फ्रेम होती. नोकरीच्या पहिल्या वर्षातल्या उत्कृष्ट कामाबद्दल मिळालेलं प्रमाणपत्र. पाहुणा आला की काकू ते आवर्जून दाखवायच्या.

"ते प्रमाणपत्र कायचं आहे, मालूम आहे काय तुले?" काकाजींनी विचारलं.

"चांगल्या कामाचं."

"माह्याकडचे सगळे नमुने पास आले त्याचं. वर्षभर. एक बी फेल नाई. दुसऱ्याइचे फेल होत, माह्ये नाई." ते फ्रेमकडे वळले. "मी बाटल्या खंगाळत होतो."

काकूंचे हात सुपावर थांबले.

मग त्यांनी सांगितलं. नाकाडोंगरीला त्यांचं बालपण गेलं. वडील मँगनीजच्या खाणीत कामाला. आजोबांच्या वेळेलाच घराने धम्म घेतला होता, पण त्यांच्या वस्तीतल्या घरचं पाणी गावातले बाकीचे लोक पीत नसत. कोणी दारात आलं तरी तहान घेऊनच परत जायचं. म्हणून त्यांच्या आईचं पाण्याचं गुंड, म्हणजे पितळी घागर, गावात सगळ्यात चकचकीत असायचं. राखेने घासायचं आणि भरायच्या आधी तीनदा खंगाळायचं. तीनदा म्हणजे तीनदाच. पोरांनी दोनदा केलं तर ती ओतून द्यायला लावायची. 'प्यायचं नसन तं नोको पिऊ, पण आपलं भांडं पाहून कोणी नाक मुरडलं नाई पायजे,' असं म्हणायची.

"पहिल्या दिवशी साहेबानं बाटल्या देल्ल्या. मी पाह्यलं तं तळाशी पांढरं पांढरं. मले वाटलं, साबन राहिला. धुणाऱ्यानं कामचुकारपणा केला. मी विचारलं नाई कोणाले. आमच्यातला मी एकटाच होतो त्या सेक्शनमंदी. विचारलं तं म्हणतीन, याले येत नाई. म्हणून मी चूपचाप तीनदा खंगाळलं, आईसारखं. अन् भरलं."

सव्वा वर्षाने दुसरीकडून बदलून आलेला एक माणूस बाटली भरायच्या आधी हलकेच टिचकी मारून ती पूड तळाशी बसवताना त्यांना दिसला. त्यांनी सहज विचारलं, हे काय आहे? त्याने सांगितलं. त्या दिवसापासून त्यांनी बाटली विसळणं बंद केलं आणि आठवड्याच्या आत पाण्याच्या एका टँकरचे नमुने फेल आले. लागोपाठ फेल. टँकर खोलला तर आत शेवाळं धरलेलं. तो धुतला, बदलला, सगळं रीतसर झालं. साहेबांनी पाठ थोपटली, 'तुझ्यामुळे सापडलं.'

"मी बोललोच नाई," काकाजी म्हणाले. "तो टँकर काई एका आठवड्यात खराब नव्हता झाला. वर्षभर मी त्याले पास करून राहिलो होतो. प्रमाणपत्र भेटून गेलं होतं. आता सांगतलं तं काय म्हणतीन? हेच म्हणतीन का, याइच्या हाती पाणी देल्लं तं असंच होईन."

काकूंनी सूप बाजूला ठेवलं.

"आजारी पडलं होतं का कोणी?" मी विचारलं.

"मालूम नाई. तेच तं आहे ना. लोक उतरतेत अन् आपापल्या गावाले जातेत. कोणाचं पोट बिघडलं, कोणाचं नाई, कोण येऊन सांगते? एक दिवस मी नमुना घ्याले विमानात चढलो होतो, लोक बसून राहिले होते. एका बाईच्या मांडीवर लहान लेकरू. ती म्हणे, दूध पावडर कालवाले गरम पाणी द्या. देल्लं त्याईनं. गरम होतं, उकळलेलं नव्हतं. त्याच टाकीतलं. मी पाहून राहिलो होतो." त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. "तो टँकर सापडायच्या आंधीची गोष्ट आहे ही."

मग मला कळलं की हा माणूस तीस वर्षं रेल्वेनेच का फिरतो, पंगतीत थेंब का टाकतो आणि 'आमच्या घरचं पाणी चालत नाही काय' या प्रश्नाने घरापर्यंत गप्प का होतो. मला त्यांचा राग आला नाही. खरं सांगायचं तर आला, थोडा, त्या मांडीवरच्या लेकरासाठी. आणि त्याच वेळी रडूही आलं. काकू मात्र चिडल्या. पण भलत्याच गोष्टीवर.

"लिहा तुम्ही," त्या म्हणाल्या. "खुशाल लिहा. पण सासूबाईच्या गुंडाचं नाव नोका घेऊ त्याच्यात. त्यांची काई चुकी नव्हती."

"आईची नाई," काकाजी म्हणाले. "माही. विचारलं नाई, ते माही चुकी."

"अन् मले येवढे वर्ष काहून नाई सांगतलं? मी येणाऱ्या-जाणाऱ्याले ते प्रमाणपत्र दाखवत राहिली येड्यासारखी!"

काकूंनी सूप उचललं आणि आत निघून गेल्या. चार दिवस त्या त्यांच्याशी बोलल्या नाहीत. ताट वाढायच्या, पाणी द्यायच्या, नळाला झाकण लावायच्या, पण बोलायच्या नाहीत.

कारणाच्या रकान्यात काकाजींनी जे सांगितलं ते मी तसंच टाइप केलं. ते प्रमाण मराठीत सांगत होते, नोकरीत लिहायचे तसं. 'मी स्वतः नोकरीच्या सुरुवातीला सव्वा वर्ष नमुना बाटल्या विसळून वापरल्या. तळाची पूड हा साबण आहे असा माझा समज झाला. स्वच्छतेची सवय असलेला माणूस हे करतो. अस्वच्छ माणूस करत नाही. म्हणून हे नियमात लिहिणे आवश्यक आहे.' आईचं नाव नव्हतं. खाली त्यांचं पूर्ण नाव, हुद्दा, मुक्काम मोहाडी, जिल्हा भंडारा. मी एकदा म्हटलं, "काकाजी, नाव न देताही पाठवता येतं बहुतेक." ते म्हणाले, "बिननावाचा नमुना तुह्या लॅबमंदी घेतेत काय?"

सूचना ई-मेलने गेली. त्याशिवाय एक प्रत त्यांनी टपालाने त्यांच्या जुन्या कार्यालयाला पाठवली, आणि तिच्यासोबत भिंतीवरून काढलेलं प्रमाणपत्र. मोहाडीच्या पोस्टात पाकिटात ते मावेना. पोस्टातल्या बाईंनी विचारलं, फ्रेम काढून देऊ का? काकाजी म्हणाले, "नाई, जसं भेटलं होतं तसंच जाऊ द्या." भिंतीवर फिकट चौकोन राहिला.

मग ते वाट बघू लागले. शिक्षेची. पोस्टमनची सायकल गल्लीत शिरली की ते व्हरांड्यात उभे राहायचे. चौकशी होईल, नोटीस येईल, निदान कोणी फोन करून ओरडेल. काहीच आलं नाही. ई-मेलला आपोआप येतं तसं उत्तर आलं होतं, आपली सूचना प्राप्त झाली. जुन्या कार्यालयाकडून एक ओळही नाही. मला वाटलं होतं, त्यांना हायसं वाटेल. उलट ते खंगत चालले. "ओरडले असते तं बरं झालं असतं," एकदा म्हणाले. बाजारात पाइप पडलेला दिसला तरी कधी कधी बघून पुढे जायचे. पोरांनीही मग पाइप टाकायचं सोडलं.

नियम यायला वर्ष उलटून गेलं. मी प्रयोगशाळेतच ते वाचले आणि दुपारचा डबा तसाच ठेवून घरी पळाले. काकाजी गच्चीवर टाकी धुवून उतरत होते, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. मी जिन्यातच वाचून दाखवलं. नमुना निर्जंतुक बाटलीत घ्यावा. नमुना घेण्यापूर्वी बाटली विसळू नये.

"पुन्हा वाच."

वाचलं.

"कारण लिहिलं काय?"

"नाही. एवढंच."

ते पायरीवर बसले. ओले हात गुडघ्यांना पुसले. काकू खालून बघत होत्या. मग काकाजी त्यांना म्हणाले, "पोराले फोन लाव. तिकिटं काढ म्हणा. विमानाची."

बंगलोरला सुनेला मुलगी झाली होती, तीन महिन्यांची. नागपूरहून विमान होतं. मी त्यांना सोडायला गेले. आत शिरताना तपासणीत शिपायाने त्यांच्या खिशातून ती थेंबांची बाटली काढली. हे आत नेता येणार नाही म्हणाला. काकाजींनी त्याला समजावायचा प्रयत्न केला, हे पाण्यासाठी आहे, दोनच थेंब लागतात. शिपाई आदराने वागला, पण बाटली ठेवूनच घेतली. तीस वर्षांत पहिल्यांदा ते रिकाम्या खिशाने पुढे गेले. काचेपलीकडून त्यांनी मला दोन्ही हात पसरून दाखवले, घेतली म्हणून. मला हसू आलं.

पुढचं मला काकूंनी त्याच संध्याकाळी फोनवर सांगितलं.

"अवं, आमच्या समोरच्या सीटवर एक बाई होती, लेकरू घेऊन. तिनं दुधाले गरम पाणी मांगितलं. ती विमानवाली पोरगी थर्मास घेऊन आली, तं हे उठून उभेच राह्यले. मी हात धरला, बसा म्हटलं, तमाशा नोका करू. हे त्या पोरीले म्हणतेत, बाई, पहिले मले दे एक पेला, त्याच थर्मासातलं. तिले वाटलं, म्हाताऱ्याले तहान लागली असन. देल्लं तिनं. याइनं उभ्या उभ्या पेलं सगळं. मंग त्या लेकराच्या आईले म्हणे, आता घे."

घोटभर पिऊन पाणी चांगलं की वाईट हे कळत नाही, बघून कळत नाही, चवीने कळत नाही, कळलंच तर दोन-चार दिवसांनी पोटाला कळतं, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं? पूर्ण आयुष्य त्यांनी हेच लोकांना सांगितलं होतं. त्यांच्या पिण्याने त्या लेकराचं काहीही राखलं गेलं नव्हतं. हे सगळं माहीत असून ते उठले आणि आधी प्यायले.

ते आता बंगलोरलाच असतात, नातीजवळ. मी अजून त्यांच्या वरच्या खोलीत राहते आणि खालच्या नळाचं झाकण लावते. गेल्यावर आठ दिवस त्यांचा रोज संध्याकाळी फोन यायचा, मी कामावरून यायच्या वेळेला. "आज पोट ठीक आहे," एवढंच सांगून ठेवायचे. आठव्या दिवशी म्हणाले, "पोरी, आठ दिवस झाले. काई नाई झालं. वहीत लिहून ठेव."

मी टाकीची वही काढली. विमानातलं गरम पाणी, एक पेला. नमुना घेणाऱ्याच्या जागी त्यांचं नाव घातलं. निकालात लिहिलं, आठ दिवस त्रास नाही. शेवटी तो त्यांनी आखलेला रकाना राहिला. बाटली तर नव्हतीच, काय लिहावं सुचेना. मग मी त्यांच्यासारखंच ठळक अक्षरात लिहिलं, 'नाही.'